सातबाऱ्यावर नसलेला साग

दादा,

तुझ्या चितेचं लाकूड कुठून आलं, हे मी वखारवाल्याला विचारलं. रोह्याच्या स्मशानाच्या फाटकाशी टेम्पो उभा होता, दोघंजण ओंडके उतरवत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा आंबा कुठला? वनखात्याचा पास आहे का याचा?"

वखारवाला माझ्याकडे बघतच राहिला. आपल्या चुलतभावाने माझा दंड धरला. "मंदे, आज तरी नको गो."

"ताई, सरणाच्या लाकडाला कोन पास विचारतो?" वखारवाला म्हणाला.

"हा विचारायचा," मी म्हटलं आणि तुझ्याकडे बोट दाखवलं.

तोपर्यंत मी रडले नव्हते. तेव्हा रडले. लोकांना वाटलं दुःखाने. दुःख होतंच, पण त्याहून जास्त संताप होता. आयुष्यभर बिनपासाच्या लाकडाला हात न लावणारा माणूस बिनपासाच्या आंब्यावर चढला, आणि डोंगरउतारावर स्वतःच्या हाताने लावलेले सत्त्याऐंशी साग उभे असताना त्यांतली एक फांदीसुद्धा आम्हाला तुझ्यासाठी तोडता आली नाही. तोडली असती तर गुन्हा झाला असता. तू गेलेला असतानाही तू मला तोडू दिली नसतीस, हे त्याहून वाईट.

मी कशी आहे ते तुला माहीत आहे. शाळेची हेडक्लार्क. घरी दुःख आलं की मी वही उघडते. तू गेल्या संध्याकाळी पान भरून कामं लिहिली. मृत्यूचा दाखला. तेराव्याला कुणाला सांगायचं. तुझ्या मोटरसायकलचे कागद. शेडमधले अर्धवट पाट कुणाचे कुणाला द्यायचे. वहिनीच्या चष्म्याचा नंबर. एकेक काम होत गेलं, एकेक ओळ खोडत गेले. एक ओळ खोडता येईना. "सागवान." एवढाच शब्द लिहिला होता. पुढे काय लिहायचं ते सुचलं नव्हतं.

गागोद्याच्या अलीकडची आपली ती वरकस जमीन. भात होत नाही, नाचणीही मरतुकडी होते, फक्त गवत माजतं. आपल्या बाबांनी तिचं कधी नावही घेतलं नाही. त्यांना शिकून नोकरीला लागलेली मुलं हवी होती, ती झाली. तू धाटावच्या रसायनांच्या कंपनीत लागलास, मी पेणला शाळेत. मग अचानक तुला त्या उताराचं वेड लागलं. पहिली पाळी सुटली की तू जेवण न करता मोटरसायकल घेऊन तिकडे. कपड्यांना कंपनीचा तो आंबूस वास, वहिनी म्हणायची की आधी अंघोळ तरी करा. तू म्हणायचास, "झाडांना चालतो हा वास. तीच तर घालवणार आहेत तो."

वाडीतली जनाबाई तेव्हा तरणी होती. दोरीचं एक टोक ती धरायची, दुसरं तू. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. गाठ पडेल तिथे खड्डा. मी एकदाच आले होते, रविवारी, डबा घेऊन, आणि दगडावर बसून तुम्हाला ओळ वाकडी होतेय म्हणून ओरडत होते. जनाबाई मला म्हणाली होती, "तू खाली उतर गो, मग सांग कोनची वाकडी ती." नऊ ओळी, दर ओळीत दहा. नव्वद. पुढे एका वादळाने तीन पाडले.

त्या तीन झाडांवरून मी पहिल्यांदा तुझ्याशी कडकडून भांडले. पडलेली झाडं. मेलेली. ती उचलून घरी आणायलाही परवानगी लागते असं तू म्हणालास आणि अर्ज केलास. अर्जाला उत्तर येईपर्यंत तीनही ओंडके वाळवीने खाल्ले. हाताने दाबलं की भुगा. मी म्हटलं होतं, "बघ, वाळवीला परवानगी लागत नाही." तू हसला नाहीस. त्या भुग्यातून एक बरा तुकडा शोधत होतास.

निवृत्त झाल्यावर तू माझ्या परसातली पत्र्याची शेड मागितलीस. मला वाटलं, वेळ घालवायला काहीतरी करेल. तू पाट करायला लागलास. आपल्याकडे घरचा गणपती घरच्याच पाटावर बसून येतो. महिना-दोन महिने आधी पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायचा, खालच्या बाजूला नाव लिहून, आणि गणपती त्याच पाटावर तयार होऊन घरी यायचा. पण फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांकडे जुने पाट उरले नाहीत, आणि आपल्या पेणमध्ये तर कारखान्यांना पाट कितीही लागतात. कामाची कमतरता नव्हती. लाकडाची होती. तुला लाकूड हवं होतं ते सरकारी डेपोतलं, हातोड्याचा ठसा मारलेलं, म्हणजे कायद्याने तोडल्याची खूण असलेलं. बाकीचे वाटेल ते लाकूड आणत होते आणि तुझ्या आधी माल देत होते.

जिते गावचे मूर्तिकार नाना त्यांच्या कारखान्यासाठी पाट न्यायला आले होते, तो दिवस मला आठवतो. तू अजून आठवडा मागत होतास.

"भाऊ," नाना म्हणाले, "गनपती काय पाट उलटा करून बघनार हाय, पास हाय का नाय ते?"

तू रंधा न थांबवता म्हणालास, "तो नाय बघत. पण त्याच्या बुडाखाली चोरीचं लाकूड सारायला मला लाज वाटते."

"मग मी प्लास्टिकचे घेतो."

"घ्या की. त्याला कुणाचाच ठसा लागत नाय."

नाना चिडून गेले. पुढच्या आठवड्यात परत आले ही गोष्ट वेगळी. पण ते गेल्यावर तू रंधा खाली ठेवलास आणि मला म्हणालास, तीस वर्षं कंपनीत बघितलं, प्लास्टिक काय, रंग काय, चकचकीत फळ्यांचा तो डिंक काय, प्रत्येकामागे एक भट्टी असते आणि तिच्या धुराखाली कुणाचं तरी गाव असतं. लाकूड हे एकच सामान ऊन आणि पाऊस खाऊन तयार होतं. तोडलं तर पुन्हा लावता येतं. आणि नेमकं त्यालाच चोराच्या पिंजऱ्यात उभं केलंय. प्लास्टिकचा पाट विकायला काहीच लागत नाही. स्वतः लावलेल्या झाडाचा पाट करायला निम्मं आयुष्य लागतं.

हे तू म्हणालास. तरी कायद्याची बाजू तूच घ्यायचास, याने माझं डोकं फिरायचं.

आपलं भांडण नेहमी तिथेच यायचं. मी म्हणायचे, कायदा केला चोरासाठी आणि अडकला तो लावणारा. चोर टेम्पोवर गवताच्या पेंढ्या टाकून भरदिवसा जातो. तू म्हणायचास, कायदा नसता तर तो समोरचा डोंगर एवढाही उरला नसता. मग मी म्हणायचे, उरलाय कुठे? आणि तू म्हणायचास, "कायदा तोडणाऱ्याला ओळखतो, मंदे. लावणाऱ्याला ओळखत नाही. आपण त्याला ओळख करून द्यायची."

ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण कागद माझ्याकडे. तोडीच्या परवानगीचा अर्ज, सातबारा, नकाशा, हद्द कायम केल्याचा दाखला, झाडांची यादी, संमतीपत्रं, आणि प्रत्येकाच्या प्रती. सगळं क्रमाने लावून, कोपऱ्यात दोरा ओवून दिलं मी. दोनदा परत आलं. दोन्ही वेळा एकच कारण. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नाही. जमीन गवताची. मग ही झाडं आली कुठून? तुमचीच कशावरून? शेजारच्या जंगलातली नाहीत कशावरून?

कार्यालयातल्या त्या माणसाचंही काही चुकत नव्हतं. त्याच्यासमोर कागद होता आणि कागदावर गवत होतं. सगळ्यात जास्त चीड मला तुझी आली. लावलीस तेव्हा तलाठ्याकडे जाऊन एक ओळ का लिहून घेतली नाहीस? एक ओळ! मी किती वेळा विचारलं असेल तुला. शेडमध्ये, जेवताना, फोनवर. "तेव्हा नोंद करायला काय झालं होतं तुला?" आणि तू दर वेळी तेच म्हणायचास, "चुकलं खरं." त्यापुढे काही नाही. तू वाद घातला असतास तर मला बरं वाटलं असतं.

मग आपण त्या शेवटच्या रकान्यावर आलो. "तोडावयाच्या झाडांची संख्या."

माझं म्हणणं साफ होतं. सगळी. सत्त्याऐंशीच्या सत्त्याऐंशी. एवढ्या खटपटीने एकदा परवानगी मिळणार, तर शहाणा माणूस एकदाच काम उरकतो. परत कोण त्या कार्यालयाच्या जिन्याच्या पायऱ्या चढणार?

तुझं म्हणणं, दर तिसरं झाड. आता एकोणतीस. मधे उजेड येईल, उरलेली जाड होतील, सागाचा बुंधा पुन्हा फुटतो, आणि जिथे फुटणार नाही तिथे नवं लावायचं. काही वर्षांनी पुन्हा तिसरा हिस्सा. म्हणजे उतार कधी मोकळा पडत नाही आणि शेडमधलं लाकूड कधी संपत नाही.

"म्हणजे दर काही वर्षांनी हा अर्ज," मी फोनवर म्हटलं. "हेच सगळे कागद. हेच हेलपाटे."

"हो."

"दादा, असंच असतं म्हणून लोक एकदम सगळं तोडतात. कळतंय का तुला? लोक हावरट नाहीत. कंटाळलेले आहेत."

"कळतंय," तू म्हणालास. "म्हणून तर कुणीतरी न कंटाळता करून दाखवलं पाहिजे."

"मग कर तुझं तू. मी त्या फायलीला परत हात लावणार नाही."

फोन मीच ठेवला. नंतर तू दोनदा फोन केलास. शाळेत तपासणी चालली होती, असं मी वहिनीला सांगितलं. तपासणी होती, पण फोन उचलता आला असता. मला तुला आणखी दोन दिवस तसंच ठेवायचं होतं. मग आठव्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला आणि तो मी पहिल्या घंटीला उचलला.

तुझ्या दहाव्याच्या दिवशी पत्र आलं. तुझ्या नावाने. झाडांच्या पाहणीची तारीख ठरली आहे, अर्जदाराने स्वतः हजर राहावे. दोन वर्षं ज्याची वाट बघितलीस ते हे पत्र. वहिनीने ते माझ्या हातात दिलं आणि आत निघून गेली. मी "स्वतः" या शब्दाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी तो ठेकेदार आला. कुठला ते तुला कळेल. शेजारचा उतार ज्याने मोकळा केला तो. पांढरा सदरा घालून, चेहरा पाडून आला, वहिनीसमोर हात जोडले, तू देवमाणूस होतास असं म्हणाला. चहा अर्धा झाल्यावर माझ्याकडे वळला.

"ताई, त्या झाडांचं काय ठरवलंत?"

"अर्ज केलाय."

"अर्ज!" त्याने कप खाली ठेवला. "भाऊ अर्ज करता करता गेले. तुम्ही कशाला त्या वाटेला जाता? मी चार दिवसांत जागा मोकळी करून देतो."

"आणि पास?"

"ताई, सातबाऱ्यावर काय लिवलंय? गवत. जी झाडं कागदावर नायतच, ती तोडली तर गुन्हा कसला? कोन म्हननार तिथं झाडं व्हती?"

ते खरं होतं. मला ते पटलंय हे त्याने ओळखलं असावं, कारण उठताना अगदी मायेने म्हणाला, "मी नाय तर दुसरा कुनी नेल. मग तुम्ही तक्रार काय देनार? गवत चोरीला गेलं म्हनून?"

तुला खरं सांगते, दादा. तो पायरी उतरेपर्यंत मी त्याला हाक मारणार होते. चार दिवस. वहीतली ती ओळ खोडली गेली असती, वहिनीच्या मागची कटकट संपली असती, माझी संपली असती. तुझ्यावर राग होताच. पटकन उरकून टाकायचं म्हणजे तुझ्यावर सूड उगवल्यासारखंही झालं असतं. हाक का मारली नाही ते सांगता येत नाही. मला चप्पल सापडेपर्यंत तो गेला, एवढंच.

मग मी वहिनीला म्हटलं, दादाची पिशवी काढ. पाहणीला जायचं तर सगळे मूळ कागद जवळ हवेत. तुझी ती जाड प्लास्टिकची पिशवी, पावसात कंपनीत नेत होतास ती. आत तिसऱ्यांदा दिलेल्या अर्जाची प्रत होती, तू सही केलेली. सगळे रकाने भरलेले आणि तो एक कोरा, पाहणीच्या वेळी भरायचा म्हणून. मी कबूल होईपर्यंत तू तो भरणार नव्हतास. अर्जाच्या मागे सातबारा. सातबाऱ्याच्या मागे एक जुना कागद, घडीवर फाटत आलेला, निळ्या कार्बनची प्रत.

"महोदय, वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, सदर जमिनीत नैसर्गिक गवताशिवाय कोणतेही झाड अथवा लागवड नाही."

खाली तुझी सही. अक्षर माझं.

मला आठवेना. खरंच आठवेना. मग हळूहळू आठवलं. मी नोकरीला नवीन होते. गावात बातमी पसरली होती की कुणाच्या तरी सातबाऱ्यावर "खाजगी वन" असा शेरा पडला आणि आता त्याला स्वतःच्या जमिनीत काही करता येत नाही. खरं खोटं कुणी तपासलं नव्हतं. सगळे घाबरले होते. तलाठी झाडांची नोंद घ्यायची म्हणत होता आणि तू माझ्याकडे आलास, नोंद करू का म्हणून विचारायला. मीच म्हटलं, वेडा आहेस का? झाडं दाखवलीस की जमीन गेली. आण, मी लिहून देते. आणि लिहून दिलं, माझ्या त्या नव्या नव्या सरकारी भाषेत, एकही काना-मात्रा न चुकवता. मला अभिमान वाटला असेल त्या पत्राचा.

जमीन वाचवायला झाडं लपवली. आपल्या भागात किती जणांनी केलं असेल हे. ज्यांनी लावली त्यांनीच कागदावरून पुसली, आणि तोडणाऱ्यांचं काम सोपं करून ठेवलं.

"वहिनी," मी म्हटलं, "हे त्याच्याजवळ होतं?"

"होतं की," वहिनी म्हणाली. "मी म्हनलं पन एकदा, दाखवा तिला, सारखी तुमाला बोलते. तर म्हनाले, नको. तिला दाखवलं तर ती रात्रंदिवस यादी करत बसेल, आपल्या चुकांची."

दादा, तू एकदा तरी बोलायचं होतंस. मी तुला किती बोलले. तू रंधा मारत राहायचास आणि म्हणायचास, चुकलं खरं. कुणाचं, ते म्हणायचाच नाहीस. हे चांगुलपण मला नको होतं. माझ्या तोंडावर तो कागद मारला असतास तर मी एक दिवस रडले असते आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेले असते. दोन वर्षं वाचली असती. कदाचित पहिला पाट तुझ्या सागाचा झाला असता, तुझ्या हातचा. मला जपण्याच्या नादात तू तो घालवलास. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुझ्याशी भांडायचं, हे मला अजून कळलेलं नाही. सध्या दोन्ही चालू आहे.

पाहणीला मी गेले. सातबाऱ्यावर तुझ्याबरोबर माझंही नाव आहे, त्यामुळे हजर राहायचा हक्क होता. वनखात्याचे साहेब तरुण होते, सोबत वनरक्षक, हातात टेप आणि रंगाचा डबा. मी जनाबाईला सांगावा धाडला होता. ती काठी टेकत आली. आता तिला नीट दिसतही नाही.

साहेबांनी विचारलं, "ही लावलेली आहेत की आपोआप उगवलेली?"

मी तोंड उघडायच्या आत जनाबाई बोलली. "आपोआप उगवत्यात व्हय अशी वळीनं? उभं राहा हितं. हितनं बघा. एक तरी वाकडी हाय काय? दोरी धरली व्हती मी. त्या टोकाला भाऊ, ह्या टोकाला मी. ही बाई दगडावर बसून नुसती वराडत व्हती."

साहेब खरोखर वाकले आणि एक डोळा मिटून ओळीतून पाहिलं. शेवटच्या झाडापर्यंत रेघ मारल्यासारखी. मग त्यांनी विचारलं, "मग नोंद का नाही?"

मी तो निळा कागद त्यांच्या हातात दिला. सोबत माझा लेखी जबाब, आदल्या दिवशी लिहिलेला. त्यांनी दोन्ही वाचले.

"बाई, तुम्ही हे लिहून देताय म्हणजे तेव्हा खोटी माहिती दिली असं होतं."

"हो. सही त्याची आहे, पण मजकूर माझा. भीतीने दिली."

"यावर तुम्हाला विचारणा होऊ शकते."

"करा. मला पत्राला उत्तर लिहिता येतं."

ते किंचित हसले. मग टेप काढली. वनरक्षक एकेका झाडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळत होता, आकडा ओरडून सांगत होता, आणि खोडावर पांढऱ्या रंगाने नंबर घालत होता. एक. दोन. तीन. पंचवीसेक वर्षं उभी असलेली झाडं त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर आली. जनाबाई प्रत्येक नंबराला मान डोलवत होती, जणू हजेरी चालली होती. मला तू तिथे हवा होतास. दुसरं काही नाही. फक्त उभा.

शेवटी साहेबांनी अर्ज पुढे केला. "हा रकाना कोरा आहे. संख्या भरा. किती तोडायची?"

पेन माझ्या हातात होतं. उरकून टाकायचं असेल तर आकडा माहीत होता. सत्त्याऐंशी लिहिलं की परत या उतारावर यायचं नाही, परत तो जिना चढायचा नाही, परत कुणाला झाडं आमचीच आहेत हे सिद्ध करून दाखवायचं नाही. मी तुझ्याशी ज्या आकड्यासाठी भांडले, तो लिहायला आता अडवणारं कुणी नव्हतं.

मी एकोणतीस लिहिलं.

"आणि बाकीची?" साहेब म्हणाले.

"पुढच्या खेपेला."

"म्हणजे परत अर्ज? परत पाहणी, परत सगळं?"

"हो," मी म्हटलं. खूप वैतागून म्हटलं. तू जिंकलास असं मला वाटत नाही, हे ध्यानात ठेव. तुझं म्हणणं पटलं तरी त्या कागदांचा जाच तसूभर कमी होत नाही, आणि तो मी आता म्हातारी होईपर्यंत काढायचाय. फाईल अजून वर जायची आहे. तिथून काय येईल, कधी येईल, मला माहीत नाही. त्या माझ्या पत्राचं काय होईल तेही नाही. ठेकेदार मात्र त्या बाजूला फिरकलेला नाही. नंबर घातलेलं झाड गवत म्हणून नेता येत नाही.

साहेब गेले. जनाबाई निघेना. ती अठरा नंबरच्या झाडाला हात लावून उभी होती. ते तोडायच्या एकोणतिसांत आहे.

"हे गेलं की हितं नवं लावनार ना गो?"

"लावायचं आहे. बुंधा फुटला नाही तर."

"मग लवकर सांग. दोरी जुनी झाली, तुटली कवाच. नवी आन. माजे हात हायेत तवर टोक धरीन. पन तू दगडावर बसायचं नाय. तू भाऊच्या टोकाला."

पेणला परत आल्यावर मी वही उघडली. "सागवान" ही ओळ खोडली नाही. ती बहुतेक कधीच खोडली जाणार नाही. तिच्याखाली एक ओळ सोडली आणि लिहिलं :

दोरी. नवी. गाठी मारून.

तुझी,
मंदा